एकविसाव्या पानावर

मुलुंड (पूर्व)
९ जानेवारी १९८६

रत्ना,

फाडायचं असेल तर फाड, पण अर्धं तरी वाचून फाड. हातात घेतलेलं पुस्तक न वाचता बाजूला टाकू नये हे तूच मला शिकवलंस. तेव्हा तू सहावीत होतीस आणि मी तुमच्या घरात नुकतीच आलेली वहिनी होते.

तुझ्या लग्नाला सहा वर्षं झाली. मरोळ काही सातासमुद्रापार नाही, एक बस बदलली की माणूस तासाभरात पोचतं. तरी तू आली नाहीस आणि मीही नाही. तुझा पत्ता माझ्याकडे होता. तूच पाठवला होतास. तूरडाळीच्या डब्याखाली घडी करून ठेवला होता, त्यामुळे त्याला आता डाळीचा वास येतो. इसिडोर ख्रिश्चन म्हणून तुझ्या दादांनी दार लावलं, आईंनी आतून कडी घातली, आणि मी स्वयंपाकघरात चहा गाळत उभी राहिले. चुकीचं सांगत असेन तर सांग.

म्हणून आज फक्त पुस्तकांविषयी लिहिते. त्यावरून आपलं कधी वाजलं नाही.

मध्यंतरी दोन भागांची एक कादंबरी आणली. पहिल्या भागाच्या शेवटच्या पानावर नायिकेला रक्ताची उलटी होते, आणि दुसरा भाग कोणा निवृत्त मास्तरांकडे अडकलेला. तीन आठवडे ती बाई माझ्या डोक्यात खोकत होती. शेवटी दुसरा भाग मिळाला तर ती ठणठणीत बरी होऊन जंगल खात्यातल्या एका साहेबाशी लग्न करते आणि उरलेली तीनशे पानं झाडांची वर्णनं करते. मी तिच्या जागी असते तर बरी झाले नसते. त्यानंतर एक रहस्यकथा घेतली. तिच्या तिसऱ्या पानावर कोणा दुष्टाने पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं, ‘खून मेव्हण्याने केला आहे’. मी पुस्तकभर त्या गरीब मेव्हण्याकडे संशयाने बघत राहिले, आणि शेवटी खुनी निघाला डॉक्टर.

वाचते कधी म्हणशील तर कुकर लावल्यावर. तीन शिट्ट्यांत आठ पानं होतात. पूर्वी बारा व्हायची, पण आता चाळिशी लागली आहे. पाणी पहाटे साडेपाचला येतं, हे गिरणी बंद पडल्यापासून इथल्याच एका कारखान्यात पाळीने जातात, तुझा भाचा चंदू नोकरीसाठी नागपूरला आहे. दिवस कुठे जातो कळत नाही, पण थकवा मात्र सगळा इथेच राहतो.

एक गंमत सांगते. आपली खूण आठवते ना? खोली नंबर एकवीस म्हणून वाचून झालेल्या प्रत्येक पुस्तकाच्या एकविसाव्या पानाच्या कोपऱ्यात आपण तिघी बारीक अक्षर काढायचो, आईंचा ज, माझा सु, तुझा र. वाचलेलंच पुस्तक पुन्हा घरी येऊ नये म्हणून. वाचनालयातली कुंदा अजून त्यावरून डाफरते. तर डिसेंबरात आईंनी वाचून ठेवलेलं एक पुस्तक मी उघडलं, तर एकविसाव्या पानावर दोन ज. एक जुना, एक नवा. म्हणजे आपली खूण आणखी कोणा जानकीने, नाहीतर जयश्रीने उचलली आहे. मी कुंदाला म्हटलं, हुडकून काढ तिला. तीही मला मेव्हण्यासारखी संशयित वाटते आहे.

आई बऱ्या आहेत. वाचन दांडगं आहे. वाचनालयात स्वतः जाऊन पुस्तक निवडून आणतात आणि दोन दिवसांत संपवतात. तुझं नाव काढत नाहीत, म्हणून मीही काढत नाही.

उत्तर घरी पाठवू नकोस. वाचनालयाच्या पत्त्यावर टाक, कुंदा ठेवून देईल.

तुझी वहिनी,
सुगंधा

२ फेब्रुवारी १९८६

चि. रत्ना,

तुझं कार्ड मिळालं. सात ओळी. कार्ड पाठवलंस, म्हणजे कुंदाने ते माझ्याआधी वाचलं. तिने ते माझ्या हातात देताना तोंड असं केलं की मला समजलं, आत मला बोलणी आहेत.

तू दोन गोष्टी विचारल्यास. पहिलीचं उत्तर देते.

नाना बुधवारी दुपारी गेले. तुला कळलं तेराव्यानंतर, तेही शेजारच्या शेवंतीला तू बाजारात भेटलीस म्हणून. सख्ख्या बापाची बातमी भाजीच्या गाडीपाशी ऐकायला लागली. ह्यांनी मला सांगितलं होतं, कळवायचं नाही. पण मी चोरून पत्र टाकू शकले असते. आता टाकतेच आहे की. तेव्हा टाकलं नाही, कारण मला ह्यांची भीती वाटली, आणि घरात पंधरा माणसं जेवायला होती, आणि पहिला दिवस गेल्यावर वाटलं आता कुठल्या तोंडाने लिहू. दुसऱ्या दिवशी तेच वाटलं. असे तेरा दिवस गेले. यापेक्षा मोठं कारण माझ्याकडे नाही. असतं तर बरं झालं असतं, निदान सांगायला शोभलं असतं. तू रागावलीस ते बरोबर आहे आणि माझी माफी मागायची हिंमत आज होते आहे, तीन वर्षांनी.

दुसऱ्या प्रश्नाचं पुढे बघू.

सध्या एका बाईचं प्रवासवर्णन वाचते आहे. ती युरोपात जाते आणि प्रत्येक गावात तिला घरच्या पिठल्याची आठवण येते. मग गेलीस कशाला, असं मी तिला रोज विचारते. मला कोणी आठ दिवस कुठेही नेलं, अगदी देवनारच्या उकिरड्यावर नेलं, तरी मी पिठल्याचं नाव काढणार नाही. नुसती बसून राहीन. या वर्षी मला फार थकल्यासारखं होतं गं. दुखत काही नाही. सकाळी उठताना वाटतं, कालचाच दिवस पुन्हा नेसायचा आहे.

वाचनालयात गर्दी कमी झाली आहे. बायका टीव्हीला लागल्या. कुंदा म्हणते, असंच चाललं तर मी एकटीच सभासद आणि मीच चिटणीस. ती त्या खोट्या जानकीचा काही तपास लावत नाही. परवा एका पुस्तकात तीन ज मिळाले. तिसरा तर पार कापऱ्या हाताचा. मी खोडरबर घेऊन दोन खोडून टाकले. आईंच्या नजरेला पडले असते तर त्यांना उगाच राग आला असता.

तुझ्या मुलीचं नाव अँजेलिना ठेवलंस ते शेवंतीकडून कळलं होतं. छान आहे. माझ्या जिभेला अजून वळत नाही, पण मी म्हणून बघते.

तुझी वहिनी,
सुगंधा

२३ फेब्रुवारी १९८६

रत्ना,

आज पुस्तकाचं काही नाही.

तू कार्डात विचारलं होतंस, ‘आई ओठ हलवून वाचते, एक पुस्तक तिला पंधरा दिवस पुरतं. ती दोन दिवसांत कशी संपवायला लागली?’ तू लांब राहून ओळखलंस. मी तीन फुटांवर बसून मटार सोलत होते.

मंगळवारी कुंदाने मला टेबलाशी बसवलं आणि रजिस्टर पुढे केलं. म्हणाली, “सुगंधाबाई, तुमची ती दुसरी जानकी कोणी नाही. मी सगळी कार्डं बघितली. हे पुस्तक जूनपासून पाच वेळा गेलंय, त्यातल्या चार वेळा तुमच्या सासूबाईंनी नेलंय.”

“मग तू बोलली का नाहीस?”

“मला वाटलं आवडलं असेल. नेतात लोक परत. पण परवा त्यांनी पुस्तक परत केलं आणि तिथल्या तिथे तेच पुन्हा मागितलं. म्हणाल्या, ह्या मी वाचूक नाय. मी पान दाखवलं, तर म्हणाल्या, माझी खूण कोणीतरी चोरली.”

मग तिने मला पाणी दिलं. कुंदा कोणाला पाणी देत नाही, तुला माहीत आहे.

घरी येऊन मी आईंकडे नीट बघितलं. त्या पुस्तक उघडतात, सगळ्यात आधी एकविसाव्या पानावर जाऊन ज काढतात, मग पहिलं पान उघडून बसतात. ओठ हलत नाहीत. तासाभराने पुस्तक मिटून म्हणतात, झाला. मी विचारलं, काय आहे यात? तर म्हणाल्या, एका बाईची गोष्ट आहे. सगळ्याच पुस्तकांत कोणी ना कोणी बाई असते, त्यामुळे उत्तर चुकत नाही.

गुरुवारी दुपारी माझा डोळा लागला आणि त्या घराबाहेर गेल्या. सापडल्या शाळेच्या फाटकापाशी. तुझ्याच शाळेच्या. शाळा सुटायची वेळ झाली होती आणि त्या पोरींच्या घोळक्यात पदर खोचून उभ्या. शिपायाने ओळखलं म्हणून घरी आणून सोडलं. कोणाची तरी वाट बघत होत्या म्हणे. शिपाई म्हणाला, “म्हातारीला एकटं सोडू नका ना बाई, रस्ता केवढा वाहता आहे.” मी त्याला सॉरी म्हटलं.

ह्यांना सांगितलं तर म्हणाले, “वय झालं. सगळ्यांचं होतं.” आणि कामावर गेले.

डॉक्टरांकडे नेणार आहे. तू काळजी करू नकोस, मी आहे.

तुझी वहिनी,
सुगंधा

१६ मार्च १९८६

रत्ना,

या वेळी बंद पाकीट पाठवलंस. आत एकच ओळ, ‘वहिनी, आई फाटकापाशी कोणाची वाट बघत होती?’

तुझी.

रोज पाच वाजले की विचारतात, “रत्ना इली काय गो शाळेतसून?” दिवाळीपासून विचारतात. एकही दिवस चुकलेला नाही. मी म्हणते, येईल, वाटेत असेल. मग पोहे करायला सांगतात तुझ्यासाठी. मी करते, आणि त्याच खातात.

म्हणजे मी तुला जानेवारीत लिहिलं की त्या तुझं नाव काढत नाहीत, ते धडधडीत खोटं होतं. आणि ती दुसरी जानकी, तीही मला डिसेंबरातच खरी वाटत नव्हती. पण ती असावी असं मला फार वाटत होतं. ती असली की आईंना काही झालेलं नव्हतं. आणि तुला बोलवायचं कारणही नव्हतं.

आता हे का केलं ते सांगते. हे वाचून तू पुन्हा सहा वर्षं बोलली नाहीस तरी मी समजून घेईन.

एकवीस वर्षं मी या घरात आहे. आईंनी मला वाईट वागवलं असं मी म्हणणार नाही. वागवलं इतकंच. हाक मारायच्या ती “गो सहदेवाच्या बायले” अशी, मालवणहून आणलेली हाक. माझं नाव त्यांच्या तोंडून मी क्वचित ऐकलं. तू होतीस तेव्हा दुपारी त्या तांदूळ निवडायच्या, तू त्यांना मोठ्याने वाचून दाखवायचीस आणि मी आतून भांडी घासत ऐकायचे. आवाज होऊ नये म्हणून नळ बारीक सोडायचे. तू गेल्यावर वाचन बंद झालं. मी एकदा विचारलं, मी वाचू का? तर म्हणाल्या, तुका तसा जमाचा नाय.

गेल्या दिवाळीत त्यांनी स्वतःच पुस्तक माझ्या हातात दिलं. म्हणाल्या, वाच गो बाय. मी वाचलं. त्या माझ्या खांद्याला टेकून ऐकत राहिल्या. त्यानंतर रोज दुपारी वाचते. तेच पुस्तक, तीच पहिली वीस-पंचवीस पानं, आणि त्यांना रोज नवी. एकाच ठिकाणी रोज हसतात. रत्ना, मी तेच पान शंभर वेळा वाचलं असेल आणि मला एकदाही कंटाळा आला नाही, आणि मी तर जंगलाच्या वर्णनांना कंटाळणारी बाई.

मला वाटलं, तू आलीस की हे संपलं. तू मुलगी, मी पुन्हा आत, नळापाशी. एवढ्यासाठी मी तुझ्यापासून तुझी आई चार महिने लपवून ठेवली. नानांच्या वेळी मी घाबरले होते. या वेळी घाबरले नव्हते, मला आई हव्या होत्या. हे जास्त वाईट आहे, मला कळतं.

आता कामाचं. डॉक्टर म्हणाले, याला औषध नाही. जवळचं आधी जाईल, लांबचं टिकेल, पण तेही किती दिवस ते सांगता येत नाही. माणसंही एकेक करून विसरतील. आधी कोणाला, ते कोणी सांगू शकत नाही. सध्या त्यांना तुझं लग्न आठवत नाही, भांडण आठवत नाही, नाना गेलेले आठवत नाहीत. तू मात्र पक्की आठवतेस. हे फार दिवस राहणार नाही.

ये. त्या तुला विसरायच्या आत ये. माझ्याशी बोलू नकोस हवं तर.

सुगंधा

३१ मार्च १९८६

चि. रत्ना,

तुमचा ईस्टरचा सण काल झाला असेल. उपास संपले ना? तू उपास करतेस की नाही मला माहीत नाही. या सहा वर्षांत तुझं काय काय बदललं, कशाची मला कल्पना नाही.

तू विचारलंस, दादा घरात येऊ देईल का. म्हणून मी काल ह्यांना सांगून टाकलं. हे आरशासमोर दाढी करत होते. मुद्दाम तीच वेळ धरली. गालाला साबण असताना माणूस फार ओरडू शकत नाही.

म्हटलं, “पाडव्याला रत्नाला बोलावलंय.”

“कोणाला विचारून?”

“कोणाला नाही.”

“वाट लावलीस ना सगळी. तुला सांगितलं होतं तिचं नाव नको म्हणून.”

“आई रोज पाच वाजता तेच नाव घेतात. तुम्ही तेव्हा कामावर असता.”

वस्तरा थांबला. मग म्हणाले, “रोज?”

“रोज. दिवाळीपासून.”

“मला का नाही सांगितलंस?”

याचं उत्तर मी तुला दिलं आहे, त्यांना दिलं नाही. एका आठवड्यात एकदाच खरं बोलण्याची ताकद आहे माझ्यात. त्यांनी तोंड धुतलं, शर्ट घातला, दारापर्यंत गेले आणि माझ्याकडे न बघता विचारलं, “पोरगी केवढी आहे तिची?”

चार, म्हटलं.

तसेच बाहेर पडले. पण संध्याकाळी चुलीवरच्या, म्हणजे आता गॅसवरच्या, भाताला स्वतः पाणी घातलं. त्यांचं बोलणं असंच असतं, ते आता तुलाही पुन्हा समजून घ्यावं लागेल.

पुढच्या आठवड्यात गुरुवारी पाडवा आहे. सकाळी दहाच्या सुमाराला ये. आईंची अंघोळ झालेली असते आणि डोकं त्या वेळी सगळ्यात साफ असतं. इसिडोरलाही आण. तो येत नसेल तर राहू दे, जबरदस्ती करू नकोस. मुलीला आण. पुरण घालते आहे.

तुला त्या ओळखतील. गेले आठ दिवस मी रोज सकाळी विचारून बघते, रत्ना कोण? रोज बरोबर सांगतात. परीक्षेच्या आधी पोरांचं घ्यावं तसं मी त्यांच्याकडून घोकून घेते आहे.

तुझी वहिनी,
सुगंधा

१४ एप्रिल १९८६

रत्ना,

तू गेल्यापासून लिहायचं म्हणते आहे. परवा बसले, तर दोन ओळींनंतर डोळे भरून आले आणि शाई पसरली. आज जमेल असं वाटतं.

तू निघालीस तेव्हा जिन्यात मला घट्ट धरलंस आणि म्हणालीस, वहिनी, तू मनाला लावून घेऊ नकोस. मी म्हटलं, छे. लावून घेतलं. कोणीही घेईल.

पण तो दिवस चांगलाच गेला, ते मला आधी म्हणू दे. तू दारात आलीस आणि आईंनी मान वर केली. एवढंसं थांबल्या असत्या तरी माझा जीव गेला असता, पण थांबल्या नाहीत. “इलंस गो बाय माझ्या? किती सुकलंस. जेवूक घालनत नाय काय तुका?” तू त्यांच्या मांडीत डोकं घातलंस. त्यांनी तुझे केस विंचरावेत तशी बोटं फिरवली. हे गच्चीत जायला निघाले, कारण त्यांना कोणासमोर रडता येत नाही. जाता जाता गुढीची साखरेची गाठी काढून अँजेलिनाच्या गळ्यात घातली. गुढी उतरायच्या आधी गाठी काढत नाहीत, हे त्यांनीच मला पहिल्या वर्षी ओरडून सांगितलं होतं. तू इसिडोरला हे सांग. तुम्हाला खाली सोडून बसने परत गेला बिचारा, पुढच्या वेळी वर यायला सांग.

आणि मग मी चहा घेऊन बाहेर आले.

त्या माझ्याकडे बघत होत्या. पाहुण्यांकडे बघतात तसं, सभ्यपणे. तुला म्हणाल्या, “ही बाई कोण गो? नवीन ठेवलंस काय कामाक?” तू म्हणालीस, “आई, असं काय करतेस, ही वहिनी.” त्यांनी पुन्हा बघितलं. चहा पिऊन म्हणाल्या, “चाय बरी करता हां.”

मी हसले. तू पाहिलंस मी हसले ते. त्या क्षणी मला खरंच हसू आलं, कारण मी आठ दिवस त्यांच्याकडून तुझं नाव घोकून घेतलं आणि माझं घ्यायचं राहूनच गेलं. मला वाटलंच नाही की ते घ्यायला हवं. मी तर तिथेच होते. डॉक्टरांनी सांगितलं होतं जवळचं आधी जातं. मी ते ऐकून तुला पत्रातही लिहिलं, आणि तरी माझ्या डोक्यात आलं नाही की त्यांच्या सगळ्यात जवळ मी होते.

एका दिवसाचं असेल म्हणून मी तुला काही बोलले नाही. आज चार दिवस झाले. त्या मला ओळखत नाहीत. अंघोळ घालायला गेले तर लुगडं घट्ट धरून बसतात. परक्या बाईसमोर कोण उघडं होईल, त्यांचं तरी काय चुकलं? ह्यांच्या हातून अंघोळ घ्यायची त्यांना लाज वाटते. शेवटी शेवंतीला बोलावते, तिला कशा कोण जाणे ओळखतात. काल दुपारी मी पुस्तक घेऊन जवळ बसले. त्यांनी ते माझ्या हातातून काढून घेतलं आणि उशीखाली ठेवलं. म्हणाल्या, “ह्या माझ्या रत्नाचा. ती येतली तेव्हा वाचतली.” मी उठून आत गेले आणि नळ सोडून रडले. या वेळी बारीक नाही सोडला.

तू म्हणाली होतीस, आईला घेऊन जा म्हणालात तर मी नेईन, शाळेत शिकवून बारा वाजता सुटते, सासूबाई घरी असतात. तेव्हा मी म्हटलं, बघू. त्या ‘बघू’चा अर्थ नाही असा होता. मी पुन्हा त्यांना लपवून ठेवायच्या बेतात होते, हे तुलाही कळलं असेल.

ने त्यांना, रत्ना. मी ह्यांच्याशी बोलले. हे म्हणाले, “लोक काय म्हणतील, आईला ख्रिश्चनाच्या घरी ठेवली?” मी म्हटलं, “लोकांना त्यांची अंघोळ घालायला बोलवा.” आज सकाळी त्यांनी माळ्यावरची जुनी ट्रंक काढून पुसून ठेवली आहे. रविवारी टॅक्सीने आणून सोडतील. दारातून परत फिरायला लागले तर आत बोलाव, त्याचीच ते वाट बघत असतील.

भात त्यांना मऊ लागतो, पण पेज म्हटलं की खात नाहीत, तोच भात म्हणून वाढायचा. डाव्या कानाने ऐकू येत नाही, उजवीकडे बसून बोल. पाच वाजता दाराकडे जातील. तू समोर असलीस तरी जातील, कारण त्यांना शाळेतून येणारी रत्ना हवी असते, तेव्हा दप्तर आत ठेवून आले असं म्हण. नाटकी वाटेल, पण त्यांना पटतं. आणि खांदा दुखला तरी हलू नकोस. ऐकता ऐकता झोपतात, हललं की दचकतात.

मला किती महिन्यांपासून वाटत होतं की कोणीतरी हे ओझं घ्यावं आणि मला चार दिवस नुसतं बसू द्यावं. आता ते होणार आहे. घर एवढं रिकामं होईल की मी दिवसभर वाचू शकेन. कुंदाने तीन नवी पुस्तकं बाजूला काढून ठेवली आहेत माझ्यासाठी. मला त्यातलं एकही उघडावंसं वाटत नाही. वाटेल पुढे कधीतरी. मी बऱ्यापैकी चिवट आहे.

तुझ्यावर माझा राग नाही. थोडा आहे, पण तो तुझ्यामुळे नाही. तू समोर होतीस म्हणून तुझ्यावर आला. जाईल.

त्यानंतरच्या रविवारी मी मरोळला येईन. मला तुझं घर बघायचं आहे. आई विचारतील, ही बाई कोण, तेव्हा सून, वहिनी असलं काही सांगू नकोस. ते आठवेनासं झालं की त्या घाबरतात, मी पाहिलं आहे. नुसतं नाव सांग. सुगंधा आली आहे, भेटायला, एवढंच म्हण. पुढचं मी आणि त्या बघून घेऊ.

तुझी,
सुगंधा